आतेबहीण आणि तिचा जिवाणू

अर्धवट राहिलेल्या गोष्टींवर वैयक्तिक राग धरणारी एकच व्यक्ती मी उभ्या जन्मात पाहिली आहे, ती म्हणजे आमच्या शेजारीच राहणारी माझी आतेबहीण. रत्नागिरीच्या एका कॉलेजात ती जिवाणूंवर संशोधन करते. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, डबक्यात सापडलेल्या एका जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा अख्खा जनुकसंच, जुळवणं हाच तिचा संसार. हा जीनोम म्हणे बांगडीसारखा गोल असतो, पण यंत्रातून वाचून येतो तो तुकड्यातुकड्यांनी. ते जोडायला सॉफ्टवेअर असतात, एक थकलं की दुसरं. पण सारखे दिसणारे तुकडे आले की ती गोंधळतात आणि भलत्याला भलतं चिकटवून मोकळी होतात. त्यामुळे हिचा कुठल्याच सांध्यावर विश्वास उरलेला नाही.

हा अविश्वास ती घरीही घेऊन येते. मी एकदा रंगात येऊन सांगत होतो, "संगमेश्वर सोडलं नि देवरूखला पोचलो, तर..." तिने अडवलंच. "मधलं काय झालं?" "काय व्हायचंय? झाडं होती." "मग तसं सांग ना!" देवरूखला मला कोण भेटलं ते मी आजतागायत सांगू शकलेलो नाही. एका लग्नात आत्याला माहेरच्या आडनावाचा, माहेरच्याच गावचा गृहस्थ भेटला. आत्या गहिवरली, त्याला आग्रह करकरून जिलेबी वाढली. ही मात्र पंगतीत त्याच्यासमोर उभी. "नाव नि गाव सारखं म्हणून जोडायचं नाही, आई. दोन्ही घरं ओळखणारा एक माणूस दाखव." आत्याने चिमटा काढला. चौकशीअंती तो गृहस्थ वरच्या मजल्यावरच्या लग्नाचा निघाला. जिलेबी तोवर खाऊन झाली होती.

बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत तिची नोकरी ठरली होती. फक्त हा जीनोम पुरा करून यायचं होतं. गणपतीत सॉफ्टवेअरने वर्तुळ मिटवून दिलंही. आम्ही पेढे आणले. हिने पेढा चघळत एक सांधा तपासला आणि वर्तुळ स्वतःच पुन्हा तोडलं. त्या सांध्यावरून सलग पलीकडे जाणारा एकही तुकडा नव्हता.

"अगो, नोकरी जाईल!" आत्या म्हणाली.

"जाऊ दे. खोटं वर्तुळ घेऊन मी नाही जायची."

मला तिचा फार अभिमान वाटला. तोंडाने मी तिला मूर्ख म्हटलं, ती गोष्ट निराळी.

परवा सकाळी तिच्या खोलीतून किंकाळी आली. साप निघाला असं समजून मी काठी घेऊन धावलो. नव्याने वाचून घेतलेल्या लांब तुकड्यांपैकी एक त्या सांध्याच्या अलीकडून थेट पलीकडे गेला होता. "दादा, मिटलं! खरंच मिटलं!" म्हणत तिने मला काठीसकट गरगर फिरवलं. प्रयोगशाळेने जागा राखून ठेवली होती. पुढच्या आठवड्यात ती निघते आहे.

आनंद सांगायला मी स्वयंपाकघरात गेलो. आत्या मोदकाच्या पारीला कळ्या पाडत होती. मान वर न करता म्हणाली, "जिंकलंन हो पोरीनं." मग हातातल्या मोदकाचं तोंड मिटवलं.

"त्या वर्तुळात एक फट आणखी थोडे दिवस राहू दिलीन असती तर काय बिघडलं असतं रे?"

मलाही तेच वाटत होतं. मी नारळ खवायला घेतला.