फुलपँटीतली गोलकीपर

मी गोलकीपर झाले ती पायांमुळे. पायांत काही कसब होतं म्हणून नव्हे, तर ते कोणाला दिसू नयेत म्हणून. बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात खेळाच्या सरांनी मुलींची फुटबॉल टीम काढली, तेव्हा मला पुढे खेळून गोल मारायचे होते. पण मलकापूरजवळच्या आमच्या गावाहून बाबा आले आणि सरांना अट घालून गेले, "पोरगी फुलपँट घालून खेळन. नाई तं नाई." मैदानावर फुलपँट खपून जाईल अशी एकच जागा होती, गोलातली. सरांनी मला तिथे नेऊन उभं केलं. पुढे देशाच्या संघात माझी निवड झाली, पण तीही इतक्या काटेकोर निकषावर नव्हे.

झेलणं मात्र घरचं होतं. आमचा भाजीपाल्याचा मळा. तोडून आणलेली कोहळी बाबा बैलबंडीवरून फेकायचे आणि मी खाली उभी राहून झेलायची. फुटलेलं कोहळं आम्हालाच खावं लागे, त्यामुळे हात आपोआप तयार झाले.

देशाच्या संघातून एकदा परदेशी खेळून आले. गावाने हार घातला आणि लगेच माझं लग्न उरकायला बाबांच्या मागे लागलं. मेहकरकडचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, घरी ओलिताची शेती, नाव ठेवायला जागा नाही. सुपारी फुटली, तारीख ठरली आणि दुसऱ्या दौऱ्याचं पत्र आलं. दौरा नेमका हळदीच्या आठवड्यात. मला जायचं होतं. लग्नापेक्षा जास्त जायचं होतं, आणि आमच्या घरात हे बोलायची सोय नव्हती.

तरी मी बोलले. बाबा तारीख पुढे ढकलायला व्याह्यांकडे गेले. व्याही म्हणाले, "बॉल अडवाले भारतात दुसरी पोरगी नाई का?" प्रश्न अगदी बिनतोड होता.

"तुमच्या पोराले बी दुसरी भेटन," म्हणून बाबा उठून आले. लग्न मोडलं. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. गावाने ती कसर भरून काढली.

आणि एवढं करून मी परदेशात काय दिवे लावले? एकाच सामन्यात पाच गोल खाल्ले. पेपरवाल्यांना एरवी आमची आठवण नसायची, पण हे त्यांनी आवर्जून छापलं.

मलकापूर स्टेशनवर बाबा बंडी घेऊन आले होते. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती. अर्ध्या रस्त्यापर्यंत ते फक्त बैलांशी बोलले. मग म्हणाले, "पेपरात पाच लिवले व्हते. खरं हाय?"

"हो."

"अन् अडवले किती?"

हे मला तोवर कोणीच विचारलं नव्हतं, सरांनीसुद्धा नाही. "मोजले नाई, बाबा."

"पुढच्या खेपेपासून मोजत जाय, माय," बाबा म्हणाले. "लोकायले मले सांगा लागते."