दर्पणची तांबडी गाडी

माझा नातू दर्पण याला बोट लागते. मासेमारीच्या घरात जन्मला आणि बोट लागते, म्हणजे आमच्या पाड्यात ही गोष्ट लपून राहणारी नव्हे. पंधरा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या बापाने, म्हणजे माझ्या दामूने, त्याला पहिल्यांदा बोटीवर नेले. किनारा दिसेनासा व्हायच्या आधीच पोराने खाल्लेले सगळे ओकून टाकले, मग पित्त ओकला, मग नुसताच कठड्यावर वाकून बसला. दुसऱ्यांदा नेले तेव्हाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. शेजारची मैनाबाई त्याला भर रस्त्यात विचारायची, "काय रं, आज दर्याला काय जेवण वाढलंस?" तो हसायचा. घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा.

मग तो पालघरला आयटीआय शिकला आणि तारापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागला. तीन पाळ्यांचे काम. घरी यायचा तेव्हा कपड्यांना कसलासा आंबट वास यायचा. दामू म्हणायचा, "आमच्या अंगाला म्हावऱ्याचा वास, याच्या अंगाला औषधाचा. बरा कोणता?" मी म्हणायचे, पगाराचा बरा.

तेविसाव्या वर्षी त्याने गाडी घेतली. बोईसरच्या एका डॉक्टरच्या मुलाने चार वर्षे वापरलेली. तो मुलगा परदेशी चालला होता म्हणून विकत होता. दर्पण दोन वर्षे त्या गाडीवर डोळा ठेवून होता म्हणे. आम्हाला पत्ता नाही. एका रविवारी सकाळी अंगणात तांबडीलाल गाडी येऊन उभी राहिली. एवढीशी. मला वाटले, लहान आहे म्हणजे गरीब असेल. दर्पणने चावी फिरवून पाय दाबला, तशी मैनाबाईची कोंबडी कौलावर जाऊन बसली.

"मोठ्या गाडीचं इंजिन हाय हिच्यात, आजी," तो म्हणाला. "अंग लहान, दम मोठा."

दामू बाहेर आला. गाडीभोवती एक फेरी मारली. मागचे दार उघडून आत किती जागा आहे ते हाताने मोजले आणि दार आपटले.

"टेम्पो घ्यायचा व्हता. म्हावरा तरी वाहिला असता."

"म्हावऱ्यासाठी नाय घेतली, बाबा."

"मग कशासाठी घेतली?"

दर्पणने दारावरचा हाताचा ठसा फडक्याने पुसला. मी हळदकुंकू आणले, नारळ आणला. नव्या बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, जसे पाच बोटांनी कुंकू ओढतो तसे तिच्या नाकावर ओढले. नाव काय ठेवायचे विचारले, तर म्हणाला, "आजी, गाडीला नाव नसतं, नंबर असतो." मग मला शेजारी बसवून पट्टा बांधला आणि समुद्राच्या रस्त्याने फिरवून आणले. शुकशुकाट होता. सुरूच्या झाडांपाशी आल्यावर त्याने थोडा वेग घेतला. माझी पाठ मागे चिकटली. मी ओरडणार होते, तेवढ्यात त्याच्याकडे बघितले. सुकाणू हातात असले की दामूचा चेहरा जसा होतो ना, तस्सा चेहरा. दामूने विचारले होते ना कशासाठी, त्याचे उत्तर तिथे होते. पण ते घरी येऊन सांगायचे कसे?

पोराने गाडी जपली. दर रविवारी गोड्या पाण्याने धुवायचा. आत मासळी आणू द्यायचा नाही. माझी पाटी असली तर मला रिक्षेत बसवायचा आणि आपण गाडीने मागून यायचा. डोळ्यांच्या ऑपरेशनला मला पालघरला त्याच गाडीतून नेले, खड्डा आला की आधी सांगायचा, "आजी, धर." माझ्यासोबत असला की बैलगाडी. एकटा असला की नाही, हेही लिहिते. एकदा मोबाईलवर वेगाचे चलान आले, दामूने आठवडाभर तेच उगाळले. पाम गावातल्या लोकांनी एकदा त्याला अडवून दम दिला होता. तेव्हापासून तिथे हळू जातो असे तो म्हणायचा.

तर त्या गाडीच्या चाकाला पोलादी काड्या आहेत आणि काड्यांमधून आत एक गोल ताटली दिसते, राखेने घासलेल्या ताटासारखी लख्ख. आमच्याकडची हवा खारी. सकाळी बघावे तर त्या ताटलीवर तांबूस थर चढलेला.

"पोरा, गंज चढला रे."

"असू दे आजी. चालवली की जातो."

असू दे! दामूही असेच म्हणतो, आणि मग लोखंड मला बघावे लागते.

आमच्या घरात नारळी पुनवेच्या आधी बोटीचे सगळे लोखंड, कड्या, सुकाणूची बिजागरी, नांगर, पुसून मुशी माशाच्या तेलाने चोळतात. हे काम घरातल्या थोरल्या बाईचे. सासूने मरताना मला दागिना दिला नाही, तो तेलाचा डबा दिला. पन्नास वर्षे मी ते काम केले आहे, आणि माझ्या हातच्या कडीला गंज चढला असे कोणी दाखवावे.

परवाच्या नाही, गेल्या वर्षीच्या नारळी पुनवेची गोष्ट. दुपारी बोटीचे काम उरकून आले. डब्यात तेल उरले होते. अंगणात गाडी उभी, ताटल्या लालेलाल. दर्पण पाळी करून आत झोपला होता. मनात म्हटले, ही पण या घरची बोटच की. हिला कोणी बघायचे? काडीला चिंधी गुंडाळली, जमिनीवर फतकल मारली आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या ताटल्या चोळून काढल्या, आतून बाहेरून, जिथवर काडी गेली तिथवर. मागच्या चाकांपर्यंत गुडघे सरकेनात, म्हणून ती राहिली. उठल्यावर त्याला दाखवू म्हटले. मग नारळीभाताच्या गडबडीत विसरले.

सकाळी साडेसहाला तो पहिल्या पाळीला निघाला. मी ओट्यावरून हात केला. त्यानेही केला.

पामच्या आधी एका वाडीतून एकनाथ नावाचा माणूस सायकल ढकलत रस्त्यावर आला. पन्नाशीचा. सायकलला दोन्ही बाजूंनी दुधीच्या पिशव्या, बोईसरच्या बाजारात न्यायला. दर्पणने ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही.

मागून येणाऱ्या टेम्पोत घालून त्याला दवाखान्यात नेले. एकनाथ वाटेतच गेला. त्याचे डोके दर्पणच्या मांडीवर होते.

पोलिसांनी विचारले तेव्हा दर्पणने एवढेच सांगितले, "मी वेगात होतो." दोन दिवस आत ठेवून जामिनावर सोडले. कंपनीने येऊ नको म्हणून सांगितले. लायसन गेले. आणि गावाला तर हेच हवे होते असे म्हणत नाही, पण कोणाला नवल वाटले नाही. मैनाबाई ओट्यावर बसून म्हणाली, "मी त्याच दिवशी बोललेली, ती गाडी एक दिवस कोणाला तरी खाणार." माझी पोरे, माझे शेजारी, सगळे एका तोंडाने वेग, वेग. मीही म्हणाले. खोटे का सांगू? त्याला जेवायला वाढताना मी म्हणाले, "कशाला रे पळवलीस?" तो भातात बोटे घालून बसला.

चौथ्या दिवशी बोईसरचा सुजित आला. त्याचे गॅरेज आहे, दर्पणची गाडी तोच बघायचा. पोलीस चौकीच्या आवारात जाऊन तो गाडी बघून आला होता. चहा हातात घेऊन दामूला म्हणाला,

"काका, एक गोष्ट विचारू? गाडीला कोणी हात लावलेला का? पुढच्या ब्रेकला तेल मुरलंय."

"तेल?" दामू म्हणाला. "कसलं तेल?"

"ते मला काय ठाऊक. पण चाकात जी गोल डिस्क असते ना, तिलाच धरून गाडी थांबते. तिला तेल लागलं की ब्रेक सटकतो. वकिलाला सांगा. मी सांगायला येतो कोर्टात."

मी दारात उभी होते. 

दर्पण कोपऱ्यातून एकदम बोलला, "तेल-बिल काय नाय. मी जोरात होतो."

"अरे, पण मी डोळ्यांनी—"

"सुजितभाऊ, मी सांगतो ना. जोरात होतो. विषय संपला."

सुजितकडे बघून बोलला, बापाकडे बघितले, जमिनीकडे बघितले. माझ्याकडे काही बघितले नाही. तेवढ्यावरून मला कळले की त्याला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाळूत एकटा बसला होता. मी शेजारी जाऊन बसले.

"कधी कळलं तुला?"

त्याने वाळू या हातातून त्या हातात केली. मग म्हणाला, "गाव सोडताना पहिला ब्रेक मारला तेव्हाच गाडी घसरली. वासही आला. जळका. तुझ्या डब्याचा वास मला लहानपणापासून ठाऊक हाय, आजी."

"मग थांबलास का नाय?"

"शिफ्टला उशीर व्हत होता. म्हटलं, कंपनीत पोचून पुसून टाकू. एवढं काय." आणि मग, "म्हणून मी जे सांगितलं ते खोटं नाय. निदान हळू गेलो असतो तरी चाललं असतं. नाय गेलो."

"मी पोलिसांना सांगते."

"तू काय बी सांगणार नाय." पोर माझ्यावर कधी ओरडला नव्हता, तेव्हा ओरडला. "पंच्याहत्तरीची बाई, तुला चौकीत बसवतील, बघायला सगळा गाव येईल. एक मी हाय ना नावं ठेवायला? पुरे की."

मी घरी आले. आठ दिवस गप्प राहिले. ते आठ दिवस मी कोणाला सांगितलेले नाहीत, इथेच लिहिते. मला वाटत होते, पोर म्हणतोय तर ऐकावे. तुरुंगात गेला तर जाईल, तरुण आहे, सुटेल. मी गेले तर परत यायची नाही. असा हिशोब मी केला, माझ्याच नातवाचा. जेवत होते, झोपत होते, बाजारात पाटी घेऊन बसत होते. गिऱ्हाईक विचारायचे, "आजी, नातवाचं कळलं, वाईट झालं," आणि मी मान हलवून पापलेट तोलायचे.

नवव्या दिवशी मी आधी पोलिसांकडे गेले नाही. पामला गेले, एकनाथच्या घरी. त्याची बायको पुष्पलता ओसरीवर दुधी निवडत बसली होती. वेलाला कळते थोडेच मालक गेला ते, दुधी येतच होते. मी कोण ते सांगितले. तिने पाट पुढे केला नाही. मी उभ्यानेच सगळे सांगितले, डबा, चिंधी, ताटली.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आता मी शिव्या कोणाला घालायच्या? गाडी चालवणाऱ्याला की तेल लावणारीला?"

तिने हातातला दुधी बाजूला टाकला.

"दोघांनाही घालीन," ती म्हणाली. "रोज घालते त्याला, आता तुम्हालाही घालीन. तुमचा नातू दहाव्याला आलेला, ठाऊक हाय? त्या झाडाखाली उभा होता, आत नाय आला. माझ्या भावाने हाकलला." मग म्हणाली, "पाणी पिणार का?"

मी प्यायले. भांडे विसळून ओसरीवर पालथे ठेवले.

तिथून चौकीत गेले. हवालदार म्हणाला, "आजी, घरी जा, नातवासाठी सगळ्या आज्या असंच बोलतात." मी पिशवीतून तेलाचा डबा काढून त्याच्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडले. त्याने नाकाला रुमाल लावला. "लिहून घे," म्हटले, "नाय तर मी इथेच बसते, डबा पण इथेच राहतो." त्याने साहेबांना बोलावले. लिहून घेतले. खाली मी सही केली, अंगठा नाही. साक्षीला सुजितला बोलावले.

खटला अजून चालू आहे. वकील म्हणतो फरक पडेल, किती पडेल ते सांगत नाही. मला दोनदा कोर्टात बोलावले. दर्पणने वेगाचे म्हणणे मागे घेतले नाही, मी तेलाचे घेतले नाही. न्यायाधीशीण बाईंनी एकदा दोघांकडे आळीपाळीने बघितले आणि पुढची तारीख दिली. गावातले लोक आता ओट्यासमोरून जाताना आवाज कमी करतात. दर्पण चार महिने माझ्याशी बोलला नाही.

गाडी चौकीच्या मागे पडून आहे. मी बघितली. काचेवर कोणीतरी बोटाने काहीबाही लिहिले आहे, आणि ताटल्या आता लाल नाहीत, काळ्याच झाल्या.

नोकरी मिळेना, म्हणून दर्पण दामूबरोबर बोटीवर जातो. अजूनही लागते. कठड्यावर वाकतो, तोंड पुसतो, जाळे ओढतो, परत वाकतो. दामू सांगतो, आता सवयीने ओकता ओकताही एका हाताने ओढतो. मी त्याला खिशात आल्याचा तुकडा आणि लिंबू देते. मैनाबाई आता काही विचारत नाही.

परवा पुनवेच्या आधी बोटीला तेल लावायचे होते. मी काही उठले नाही. चौकीतून परत आणलेला डबा तसाच मोरीत होता. दुपारी दर्पण आला आणि डबा आणून माझ्यापुढे ठेवला. चिंधी पण आणली होती, फाडून.

"नको रे," म्हटले.

"बोटीला लावतात, आजी," तो म्हणाला. "बोटीला लावायचंच असतं." आणि माझा हात धरून मला वाळूत उतरवले.

मी कड्या चोळल्या, बिजागरी चोळली, नांगर चोळला. तो शेजारी उभा राहून बघत होता, मी कुठे कुठे लावते ते.