विरळ झालेली घाण

आमच्या इमारतीतला विनीत, पुराचं घाण पाणी खाडीत कुठवर पसरतं याचे नकाशे संगणकावर करतो. कंपनीच्या मालकाला हवं तेच त्याच्या नकाशात उमटतं, एवढा तो हुशार. वादळानंतर त्याने अहवालात ऐटीत लिहिलं, "घाण विरळ झाली, धोका नाही." त्यावर विसंबून खाडीकाठच्या गावाने पुन्हा चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला सुरुवात केली.

त्याच गावची त्याची सासू बनूबाई रविवारी जावयासाठी तिसऱ्यांची टोपली घेऊन आली. मी त्याच्या घरीच बसलो होतो.

"मला ॲलर्जी आहे," विनीत म्हणाला.

"शिमग्याला दोन ताटं चाटलीत, तवा नव्हती?"

त्याने मोबाइलमध्ये तोंड खुपसलं. बनूबाईने टोपली कचऱ्यात ओतली आणि गावात फोन लावला, "जावय सोता खात नाय. पोरांना देऊ नका."