काकींच्या डब्याची चाल

पुण्याच्या त्या सर्किट बोर्डवाल्यावर माझा राग अजून गेलेला नाही. तरी बोर्ड मी त्याच्याकडूनच घेतो, कारण पन्नास नगांची ऑर्डर दुसरं कोणी हातात घेत नाही. पंपाच्या मोटरी वाइंड करत मी धंदा उभा केला. भावात मला सहसा कोणी हरवत नाही. पण थोडा माल घेणाऱ्याचं ऐकून कोण घेतो?

मिठबावच्या एका काकींच्या हापूसच्या बागेसाठी मी सोलरवर चालणारी पेटी बनवली होती. टायमर लागला की आतला हातोडा पत्र्यावर आपटायचा आणि वानर पळायचे. आधी हे काम काकीच करायच्या, ओटीवर बसून, तेलाचा रिकामा डबा बडवून. खांद्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मुलगा मुंबईत, राखणीला माणूस मिळेना, आणि वर्षाची सगळी मदार त्या कलमांवर.

डबा कसा वाजतो ते मी त्यांच्याजवळ बसून ऐकलं. चहा उकळला की एकदा. कुत्रा भुंकला की लगेच पुन्हा. दुपारी डोळा लागला की बराच वेळ काहीच नाही. दोन ठोक्यांमधली तीच वेडीवाकडी अंतरं बोर्डात भरायला मी पुण्याला लिहून पाठवली.

काकींकडे आणि आसपासच्या बागांत पेट्या लागल्या. थोडे दिवस बरे गेले, मग काकींचा फोन आला.

"मेल्या, तुझ्या पेटयेर माकडां घड्याळ लावतत! आवाज झालो की उतारतत, मगे निवांत परत चडान खातत."

मी जाऊन पाहिलं. पेटी बरोबर पंधरा मिनिटांनी वाजत होती. अंगणातूनच पुण्याला फोन लावला.

"अहो, मी दिलेली अंतरं कुठे गेली?"

"साहेब, त्यांचा काही मेळच बसत नव्हता. टायपिंगच्या चुका असतील म्हणून सरासरी काढून सरळ केलं. उलट नीट झालंय."

"नीट तुमच्या ऑफिसात! इथे माकडं आंबे खातायत!"

"छोट्या ऑर्डरवाल्यांच्याच तक्रारी फार असतात, बघा."

त्यानंतर मी काय बोललो ते लिहीत नाही. हात गळ्यात बांधलेल्या काकी ओटीवरून म्हणाल्या, "असोच आरडत रव. आज माकडां येवची नाय."

शेवटी मी अट घातली: नव्या बोर्डांवरच्या चिप कोऱ्या पाठवा, प्रोग्राम मी घरी भरीन. ते बोर्ड येईपर्यंत डबा मीच बडवला. कंटाळा आला की माझाही हात एका ठेक्यात पडायचा आणि आतून काकी ओरडायच्या. मुद्दाम बेताल वाजवणं किती कठीण असतं, ते तेव्हा कळलं. हे मी पुण्याला कळवलेलं नाही. त्यांनी तरी कुठे चूक कबूल केली?

नवे बोर्ड बसवले त्या दुपारी मी काकींच्या ओटीवर थांबलो. पेटी एकदा वाजली, लगेच पुन्हा वाजली, मग गप्प झाली. बराच वेळ झाला. शेजारच्या फणसावर वानर बसून होते. एकही कलमाकडे सरकत नव्हता. मला राहवेना. पेटी उघडायला उठलो, तर काकींनी डोळे न उघडताच हटकलं.

"बस खाली. ह्या वेळेक मी झोपतंय."