पिशोरच्या ओढ्यातला रानपुदिना

सर्व्हेच्या रिपोर्टवर माझी सही होऊन सहा महिने झाले होते. त्यात ‘इथे आढळत नाही’ असं मी लिहिलेला रानपुदिना आता माझ्याच पायाखाली चुरडून दरवळत होता.

पिशोरजवळच्या या ओढ्याचं खोलीकरण ठरलं होतं. काठावरच्या वनस्पतींची नोंद करणं माझं काम. सर्व्हे मी मे महिन्यात केला. तेव्हा सगळं कोरडं ठाक होतं. आता डिसेंबरात फक्त वाचवायची झाडं दाखवायला आले होते.

तिथं शेळ्या राखणाऱ्या कौसाबाईंना विचारलं, “हा कधीपासून आहे इथं?”

“दरसाली असतो की. पाणी वसरलं की निघतो. उन्हाळ्यात वरून वाळतो, पर मुळी जित्ती ऱ्हाती. पोट दुखलं की गाव इथूनच नेतं.”

मी एक रोप उपटलं. चौकोनी दांडा, समोरासमोर पानं. गाळात आडवी पसरलेली पांढरी खोडं, त्यांच्या कांड्याकांड्याला मुळं. बी कमीच धरतं. पसरतो तो या खोडांवर. आणि मशीन नेमका तोच गाळ काढणार होतं.

कौसाबाईंना घेऊन मी ओढा वर-खाली पालथा घातला. जिथं झरा पाझरत होता, त्या एका वळणावरच पुदिना होता. बाकी कुठंच नाही.

गावातून खोलीकरणाचं काम बघणाऱ्या साहेबांना फोन लावला.

“मॅडम, रिपोर्ट तुमचाच ना?”

“माझाच. पण चुकलाय. तेवढं वळण सोडा.”

“मशीन उद्या येतंय.”

“म्हणूनच आज सांगतेय.”

“लेखी द्या. चूक कुणाची, तेही लिहा.”

ते वाक्य लिहायला मला अख्ख्या अर्जापेक्षा जास्त वेळ लागला. पंधरा वर्षांच्या नोकरीत तशी वेळ आली नव्हती.

झऱ्याकडचा काठ वाचला. समोरचा खणला गेला. पुढच्या हिवाळ्यात वाचलेल्या काठावर पुदिना दाट आला. समोर मी लावलेल्या खोडांच्या तुकड्यांपैकी दोनच जगले. माझ्या फाइलला ‘निष्काळजीपणा’ असा शेरा लागला. तो बरोबरच होता.

‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक असतो. या नोकरीआधी कॉलेजात हे मी मुलांना शिकवलंही होतं. तरी चुकलेच. आता कुठल्याही यादीवर आधी पाहणीचा महिना लिहिते आणि सही शेवटी करते.