झुंबरबाईची पोटदुखी

शाहू महाराजांच्या राज्यात कोल्हापूरच्या बाप्यांना जसं कुस्तीचं वेड, तसं बायकांना नागपंचमीच्या फुगडीचं. त्यातही खरा मान जात्याच्या फुगडीला. चौघींनी हात गुंफायचे. दोघींनी उभ्यानं गरागरा फिरायचं, दोघींनी टाचा मधे रोवून अंग ताठ मागं सोडायचं. कलणारीचा जीव उभीच्या मुठीत! दोन गल्ल्यांची जाती समोरासमोर फिरायची आणि भोवतीच्या बायका एकमेकींच्या गल्लीला नको नको ते टोमणे मारायच्या. चिडली की ठेका चुकला, ठेका चुकला की जातं मोडलं, आणि ज्यांचं आधी मोडलं ती गल्ली हरली.

रंकाळ्याच्या अंगाच्या गल्लीची, ठेका म्हणणारी म्होरकी झुंबरबाई. पाय कसले, खांबच! पण राग नाकावर. गेल्या पंचमीला कुणी तिचं माहेर काढलं, बाई भडकली आणि जातं मोडलं. म्हणून औंदा बायकांनी ठरवलं, म्होरकेपण बनाबाईला द्यायचं.

ही बनाबाई मलकापूरकडची, गल्लीतल्या केरबाची नवी बायको. अंगानं काटकुळी, डोकं मात्र थंड. तिनं स्वतः कलायचं ठरवलं आणि आपल्याला धरायला उभी म्हणून झुंबरबाईलाच घेतलं. झुंबरबाईचा नुसता जळफळाट झाला. "कालची पोर माझ्या डोक्यावर मिरं वाटणार व्हय!" तिनं मनात गाठच मारली. जातं रंगात आलं की बोटं सोडायची. गल्ली हरली तर हरू दे, पण सटवी सगळ्यांदेखत धुळीत पडू दे.

पंचमीला जाती फिरली. पलीकडच्यांनी बनाबाईचा रंग काढला, केरबाचं टक्कल काढलं. तिचा ठेका तसूभर हलला नाही. मग त्या झुंबरबाईवर घसरल्या, "नवी आली गं, जुनी पडली अडगळीत!" झुंबरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं बोटं उघडली.

बनाबाई पडली नाही. तिनं पहिल्यापासनं झुंबरबाईचं मनगटच घट्ट धरलं होतं. डोळ्याला डोळा भिडवून ती ठेका म्हणत राहिली आणि आधी मोडलं ते पलीकडच्यांचं जातं.

रिवाजाप्रमाणं हरलेल्यांनी जिंकणाऱ्यांच्या ओटीत लाह्या घातल्या. झुंबरबाईनं बनाबाईला बाजूला ओढलं.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय की, आक्का."

"मग मला घेतलीस कशापायी?"

"तुमच्यावानी पाय गल्लीत दुसऱ्या कुणाचं हायत?" बनाबाई लाह्या चघळत म्हणाली.

शिवी दिली असती तर झुंबरबाईनं चार परत दिल्या असत्या. याला काय देणार, कपाळ!

घरी नवरा आकाराम वाट बघत होता. "काय गं, जिकलासा न्हवं?"

"ती जिकली," झुंबरबाई म्हणाली, आणि धाय मोकलून रडली.