मर्जीतल्या माणसाला शिकवलेला धडा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मुख्याध्यापकाची खुर्ची पार माझ्यापर्यंत आली होती, आणि ती मीच माझ्या हातानं घालवली. हसा, हसा! पण आधी ऐका तर.

मी अंबडच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. निजामशाहीचा दरबार हा माझा आवडता विषय. कोण सुलतानाच्या मर्जीतला, कोणी कोणाचा काटा काढला, सगळं तोंडपाठ! आणि त्या खुशमस्कऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा. लढायचं एकानं, कारभार करायचा दुसऱ्यानं, आणि सुलतानाचा कान कोणाच्या ताब्यात? तर पानदान धरणाऱ्या हुजऱ्याच्या! थू!

यंदा आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. खुर्चीला दावेदार दोघे, मी आणि जाधव सर. निर्णय संस्थेच्या शेठजींचा. त्यांचा जालन्याला एमआयडीसीत बियाण्यांचा कारखाना आहे, शाळेत येतात महिन्यातून एकदा. आणि शेठजींचा कान कोणाच्या ताब्यात? ड्रायव्हर बाबूरावांच्या! वीस वर्षं झाली, गाडीत बाबूराव बोलतात आणि शेठजी ऐकतात.

म्हणजे आमच्या दरबाराचा हुजऱ्या हाच! एवढा अभ्यास काय उगाच केला मी? तिटकारा घडी करून खिशात ठेवला. शेठजी आत मीटिंगला गेले, की मी दोन चहा घेऊन बाहेर गाडीपाशी हजर.

“कोन्त्या गावचे म्हनायचे सर तुमी?” बाबूरावांनी विचारलं.

मी गाव सांगितलं, मामाचं गाव सांगितलं, सासरवाडीसुद्धा सांगितली. आपल्याकडे माणूस भेटला की आधी गाव निघतं, मग सोयरेधायरे, आणि मगच बाकीच्या गप्पा. बाबूरावांनी रीत पाळली. मी उलट विचारलं का? छे! हुजऱ्याला काय गाव विचारायचं? विद्वान ना आम्ही!

थेट जाधवांवरच घसरलो. “अहो, वर्गात घोरतात जाधव सर! पोरांनी अंगावर चादर घालायची तेवढी बाकी आहे.”

“असं व्हय?” बाबूराव बशीतला चहा फुंकत म्हणाले. “पर शेठजींना चुगली बिलकुल चालत न्हाई सर. मंग सांगायचं कसं?”

घ्या! शिष्य आपणहून चालत आला. मी गाडीला टेकून तासच घेतला. “चुगली करायचीच नाही, बाबूराव. तारीफ करायची! निजामशाहीतल्या एका हुजऱ्यानं वजिराला कसं संपवलं? सुलतानाला म्हणाला, ‘हुजूर, वजीर लाख माणूस! रयत म्हणते, राज्य त्याच्यामुळंच चालतं.’ बस्स! सुलतानाचं डोकं फिरलं, वजीर घरी.”

“लई भारी!” बाबूराव म्हणाले. “बघतो सांगून.”

निवडीच्या दिवशी सकाळीच मी बाबूरावांच्या हातात पेढ्यांचा डबा ठेवला. मग नव्या सदऱ्यात सभेच्या पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

शेठजी उभे राहिले. “काही जणांना वाटतं, ही शाळा त्यांच्यामुळंच चालते. असा माणूस मला त्या खुर्चीत नको.”

लागू पडलं की हो! मी जाधवांकडे बघत सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. त्या चालू असतानाच शेठजींनी नवे मुख्याध्यापक म्हणून नाव घेतलं. जाधव सर!

आता टाळ्या थांबवायच्या तरी कशा? वाजवत राहिलो.

बाहेर आलो तर बाबूराव पेढे वाटत होते. माझेच! “घ्या सर, तोंड गोड करा. जाधव सर जावई हायेत आमचे. आमी केदारखेड्याचे. तुमी कधी इचारलंच न्हाई.”

मी डब्यातला पेढा उचलला.

“शेठजींनी तर तुमचंच नाव पक्कं केल्तं,” बाबूराव जवळ येऊन हळूच म्हणाले. “मंग काल गाडीत म्या तुमची तारीफ केली. जशी तुमी शिकवल्ती, बराबर तशीच.”

मी पेढा तोंडात टाकला. इतकी वर्षं इतिहास शिकवतोय, पण माझा तास एवढं लक्ष देऊन ऐकणारा हा पहिलाच विद्यार्थी!